पार चार

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. जुन्या पनवेलात वडिलांचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं जिवासाठी, अशी तिथली वाटणी. इतर मुलं 'अ अननसाचा' गिरवत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' न अडखळता वाचता येत होतं. घरात एखादी वस्तू नुसती मागून मिळत नसे. मागणी मांडावी लागे, कारणं द्यावी लागत आणि शेवटी 'अन्यथा' लिहावं लागे. 'अन्यथा मी आजपासून दूध पिणार नाही' हे माझं पहिलं लेखन. वडिलांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि मागणी फेटाळली.

अशा घरातल्या मुलीनं गोल्फवर बोर्ड गेम तयार करावा, हे ऐकून ओळखीच्यांनी मला दोन बाजूंनी छळलं. चळवळीतले म्हणाले, "गोल्फ? आता पोलोवर कधी?" आणि कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "तू? गेम? म्हणजे त्यात हसायला परवानगी असेल का?"

दोष माझ्या आत्याच्या गच्चीचा. आत्याला ओवे गावात दिलेलं आहे. नव्या शहरासाठी तिच्या सासरची भातशेती गेली. मोबदल्यात मागाहून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला आणि त्यावर आता चार मजली इमारत उभी आहे. खाली दुकानं, वर भाडेकरू, मधे आत्या. गच्चीवर उभं राहिलं की डोंगराच्या अंगाला गोल्फचं मैदान दिसतं. एका दुपारी पापड वाळत घालताना आत्या तिकडे बघत म्हणाली, "एवडासा बॉल आनि एवडी जागा. बॉल हरवला की चार-चार जन शोदतात. आमची म्हैस हरवली तरी एकटाच जायचा तुजा मामा." (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात.)

ती हसत होती. मी मात्र पेटले. एवढ्या हिरव्या रंगाखाली काय काय पुरलं असेल, या विचारानं माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रक तयार झालं. पण पत्रकांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. स्टँडवर वाटलेली पत्रकं मी अर्ध्या तासात भेळेखाली पाहिली आहेत. खेळ मात्र कोणी भेळेखाली घालत नाही. खेळ कपाटात ठेवतात, पाहुणे आले की काढतात. ठरलं. पत्रकाऐवजी खेळ.

पट मी स्वतः रंगवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणावळणाची वाट, वाटेत नऊ होल, मधे वाळू, पाणी, झुडपं. पत्ता उचलायचा, त्यावर जी काठी असेल तिच्या मापानं घरं पुढे जायचं. लांब काठीनं जास्त घरं, आखूड काठीनं कमी. प्रत्येक फटक्याला वाटीतला एक वालाचा दाणा उचलून आपल्यापुढे ठेवायचा. गोल्फमध्ये कमी फटक्यांत पोचणारा जिंकतो, म्हणून शेवटी ज्याच्याकडे कमी वाल तो विजयी. श्रीमंतांच्या खेळात सगळ्यात कमी घेणारा जिंकतो, हे वाचलं तेव्हा मला या खेळाबद्दल पहिल्यांदा जरा आदर वाटला.

पटावर इंग्रजी शब्द नको, हा माझा हट्ट. वाळूच्या बंकरला रेताड म्हटलं, चेंडू ढकलायच्या पटरला ढकलकाठी. होलला शब्द सापडेना. मग विटीदांडू आठवला. विटी ठेवायला जमिनीत जो खळगा करतात तो गल. होलचा गल झाला. फक्त एका शब्दानं मला हरवलं. गोल्फमध्ये प्रत्येक होलला 'पार' असतो, म्हणजे चांगल्या खेळाडूनं किती फटक्यांत चेंडू आत घालावा याचा ठरलेला आकडा. मी 'अपेक्षित फटकेसंख्या' लिहून पाहिलं. ते चौकोनात मावेना आणि पाणीपट्टीच्या बिलासारखं दिसायला लागलं. शेवटी 'पार' तसाच ठेवला. दिसायला तरी मराठीच होता. प्रत्येक गलाशेजारी लिहून टाकलं, पार ४, पार ३, पार ५. अर्थ नियमपुस्तिकेच्या मागच्या पानावर दिला.

पुस्तिका वडिलांच्या छापखान्यातच छापली. त्यामुळे ती घडीच्या पत्रकासारखी झाली आणि तिची सुरुवात 'बंधू-भगिनींनो' अशी झाली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शिवाय माझे खास पत्ते होते. त्यांना मी 'थांबा पत्ते' म्हणायचे. नमुना असा: 'थांबा! ज्या हिरवळीवर तुम्ही उभे आहात, तिथे कालपर्यंत भात डोलत होता. याचा विचार करा आणि एक पाळी सोडा.' असे पुष्कळ होते. वडिलांनी पहिला खेळ खेळताना एक पत्ता उचलला, मोठ्यानं वाचला, 'डोलत' ऐवजी 'पिकत' सुचवलं, मग सगळी चळत मागून घेतली आणि तपासून दिली. त्यांचं बटण (सोंगट्या म्हणून मी बटणं घेतली होती) सुरुवातीच्या घरातून हललंच नाही. मैत्रिणी दुसऱ्या गलापर्यंत पोचल्या. तिथे एकीनं विचारलं, "अगं, यात मजा केव्हा सुरू होते?" मी म्हणाले, "विचार करण्यात मजा नसते का?" त्यानंतर तिला आईचा फोन आला. तो फोन आईचा नव्हता, हे मला आजही ठाऊक आहे.

पुण्यात एक भाऊ-बहीण मिळून बोर्ड गेम काढतात. वर्षाला एकच नवा खेळ, दिवाळीला. रविवारी लोक आपापले घरगुती खेळ घेऊन जमतात, तिथे एकदा मी त्या भावाला पट दाखवला. ते अर्धा खेळ शांतपणे खेळले आणि म्हणाले, "आत कुठेतरी खेळ आहे. वरचं भाषण सरकलं तर दिसेल."

मी चार मुद्द्यांत उत्तर दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, "यंदाच्या दिवाळीसाठी दोन खेळ उरलेत. तुमचा आणि आणखी एक. तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा चौघांपुढे पट आणि पुस्तिका ठेवा. मोबाइल चित्रीकरणाला लावा. चौघं सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळू देत आणि तुम्ही समोर बसून गप्प राहा. खेळ दुकानात गेला की समजावून सांगायला तुम्ही नसता. तुम्ही एक शब्द बोललात तर चाचणी बाद आणि जागा दुसऱ्या खेळाला."

वडिलांना ही अट सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "दुसरी काही अट नाही का त्यांची?"

मला तो खेळ दुकानात हवा होता. खोटं कशाला बोलू, अगदी जिवापासून हवा होता. लोक आपण होऊन उघडतील, आपल्या हातानं मांडतील असं काहीतरी एकदा तरी माझ्या हातून व्हावं, इतकंच. तेव्हा ओठ शिवून बसायची माझी तयारी होती.

चौघी आत्यानंच जमवल्या. एक ती स्वतः. दुसरी तिची जाऊ, शेजारच्या इमारतीत राहणारी, जुन्या मोर्च्यांत कडेवर पोर घेऊन पुढे चालणारी. तिसरी आत्याची विहीण, लेकीची सासू, उरणहून चार दिवस राहायला आलेली. चौथी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण, बँकेत नोकरी करणारी, पुण्याकडची, सगळ्यांना आदरानं आँटी म्हणणारी. जेवणं झाली. टेबलावरचं प्लास्टिक पुसलं. मी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून लावला आणि शेवटचं वाक्य बोलले, "आता मी बोलणार नाही."

"किती येल?" आत्यानं विचारलं.

मी बोलले नाही.

"बगा, मौन चालू झाला," जाऊ म्हणाली. "हिचा बाप माईक काडून घेतला तरी बोलत र्‍हायचा."

पुस्तिका जाऊनंच वाचायला घेतली. 'बंधू-भगिनींनो' म्हणताना तिचा आवाज आपोआप चढला आणि उजवा हात वर गेला. पहिलं पान तिनं असं वाचलं की खालच्या दुकानातला माणूस वर येऊन काही हवंय का विचारून गेला. पान संपलं. पुस्तिका तिनं टेबलावर ठेवली आणि विहीणबाईंनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. खाली ठळक छापलं होतं, 'मागील पान पाहा'. आयुष्यभर पत्रकं वाटूनही मला एक गोष्ट कळली नव्हती. पत्रक कोणीही उलटून बघत नाही.

"गल," विहीणबाईंनी पटावर बोट ठेवलं. "म्हंजे मासली पकडाचा गल."

आमच्याकडच्या बोलीत ळ चा ल होतो. गळ म्हणजे गल. माझ्या विटीदांडूच्या गलाचा एका क्षणात माशांचा गळ झाला होता. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आनि हे वाल म्हंजे मासली," आत्या म्हणाली. "एक फटका, एक मासा. घ्या विहीनबाई, तुमचा पयला."

"नाय नाय, तुमी घ्या. तुमचा घर."

"तुमी पावनी."

या 'आधी तुम्ही' मध्ये पहिली पाळी बरीच लांबली. शेवटी भाडेकरणीनं, "आँटी, मी स्टार्ट करू का?" म्हणत बटण सरकवलं. ती चटचट पुढे गेली आणि सगळ्यांच्या आधी पहिल्या गलाशी पोचली. तिथे लिहिलं होतं, पार ४.

"पार आला," आत्या म्हणाली. "थांब."

"का आँटी?"

"पार हाय ना. वडाचा पार. पारावं आल्याव कुनी फुडं जातं का? बसाचं. पार चार, म्हंजे चौगी जमल्या की मंग उठाचं."

मी टेबलाची कड धरली. पार म्हणजे चार फटके! मागच्या पानावर आहे! ओठांपर्यंत आलेलं वाक्य मी पाण्यासोबत गिळलं. भाडेकरीण बिचारी पारावर बसून राहिली. विहीणबाई येऊन मिळाल्या, मग जाऊ, शेवटी रेताडात अडकत-अडकत आत्या. चौघी जमल्या. आता पुढे जायचं का? छे. पारावर आलं की बोलायचं असतं. जाऊनं आपल्या नव्या सुनेचा विषय काढला. विहीणबाईंनी जरा वेळ ऐकलं आणि "आमची सून काय वाईट नाय हो" असं म्हणाल्या, कारण त्यांची सून म्हणजे आत्याची लेक आणि आत्या समोरच बसली होती. आत्यानं "वाईट नाय म्हंजे?" असं विचारलं. पहिल्या गलावर एवढा ताण येईल असं मी आखलंच नव्हतं.

दुसऱ्या गलाला पार ३ होता.

"तिगीच बसनार," आत्या म्हणाली. "जी मागं र्‍हायली ती च्या टाकनार."

आणि काय सांगू, चौघी अशा खेळायला लागल्या की मी जन्मात तसा खेळ पाहिला नाही. चहा कोणाला टाकायचा नव्हता. पत्ते हिसकावले जाऊ लागले. भाडेकरणीनं, "आँटी, धिस इज चीटिंग!" असं ओरडून घरमालकिणीचा हात पटावरून बाजूला केला. जाऊ मागे राहिली, कुरकुरत उठली आणि सूड म्हणून सगळ्यांच्या चहात आलं बदाबदा घातलं.

मधे विहीणबाईंच्या हाती माझा थांबा पत्ता लागला. त्यांनी तो चष्मा लावून, मनापासून, शेवटपर्यंत वाचला. मग हळू आवाजात विचारलं, "छान लिवलाय. कोन गेलं का?"

"नाय हो. भाचीनं लिवलाय."

"इचार करा म्हनते आनि पाली सोडा म्हनते." त्यांनी पत्ता पालथा ठेवला. "इचार केला. पाली कशापायी सोडू?"



सहाव्या गलाशी आत्या सगळ्यांच्या आधी पोचली. बाकीच्या येईपर्यंत तिला नुसतं बसायचं होतं. ती पटाकडे बघत राहिली. त्या जागेला मी तिच्या सासरच्या खाचरांचा आकार दिला होता. लहानपणी तिनं मला जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवला होता तसा. तो तिला कळेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं मान वर केली नाही. "याला बांद कुठं हाय?" असं स्वतःशीच म्हणाली, फ्रीजवरचं पेन घेतलं आणि माझ्या रंगवलेल्या पटावर सरळ एक रेघ ओढली. एका ठिकाणी रेघेला छोटं वळण दिलं. तिथे काहीतरी असणार, झाड किंवा दगड. काय ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची सोय नव्हती.

जाऊ तिथे आली तेव्हा आत्या म्हणाली, "बांदावरून जातेस त इचारून जा."

"इचारते. जाऊ का?"

"जा. पन भाताला पाय नको लावू."

जाऊनं बटण उचलून रेघेवरून, अगदी कडेकडेनं नेलं. कोणी हसलं नाही. मग विहीणबाई आल्या, त्यांनी "आमाला इचाराचं काय, आमी पावने" असं म्हटलं आणि पुन्हा सगळ्या हसायला लागल्या.

सातवा गल पार ५ होता. चौघी जमल्या, पण पाचवी नव्हती. चौघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"बस," आत्यानं फर्मावलं. मी टेबलाची बाजू बदलून मोबाइलसमोर, चौघींच्या मधे बसले. जाऊ माझ्या गालावर बोट टेकवून म्हणाली, "एवडी शानी बसलीय. हिला बगाला आता कोन पोरगा आला असता त लगीन ठरला असता." त्या चित्रफितीत माझा चेहरा त्या वेळी कसा दिसतो, ते मी पुण्याच्या भावा-बहिणीखेरीज कोणाला दाखवलेलं नाही. मग मी माझ्या जागी परतले.

खेळ संपला. आत्यापुढे वालांचा ढीग. विहीणबाई आणि जाऊ बरोबरीत. भाडेकरणीपुढे मोजकेच दाणे, कारण ती बहुतेक वेळी भरभर पुढे जाऊन पारावर बसून राहिली होती. आत्या ढिगावर हात फिरवत होती तेवढ्यात भाडेकरणीनं कपाखालची पुस्तिका पुसायला उचलली आणि उलटी केली. मागचं पान पाहणारी ती पहिली.

"आँटी, एक मिनिट. इथे लिहिलंय, 'सर्व गल पूर्ण झाल्यावर ज्याच्याकडे सर्वांत कमी वाल, तो विजयी.' म्हणजे… सॉरी हं… बहुतेक मी जिंकलेय."



"कमी त्याचा जिंकला?" आत्या म्हणाली. "मंग आमी एवडी मासली काय टाकून द्याला पकडली?"

"आमच्या उरनाला कमी मासली आनली त जिंकला म्हनत नायत," विहीणबाई म्हणाल्या, "घरात घेत नायत."

"आदी का नाय सांगितला?" जाऊ उभी राहिली. "आता सांगतात! यो नियम आमाला मान्य नाय!" तिचा हात वर गेला. "नाय चालनार, नाय चालनार!"

"कमीचा नियम नाय चालनार!" आत्यानं साथ दिली आणि पाव्हणी असूनही विहीणबाईंनी टेबलावर ताल धरला. तिघी माझ्याकडे वळल्या. "मॅडम, आमचं म्हननं ऐका! नियम रद्द करा!"

चाल माझ्या ओळखीची होती. या चालीवरच्या घोषणा मी पाळण्यात ऐकल्या असतील. फक्त आजवर मी नेहमी घोषणा देणाऱ्यांच्या बाजूला असायचे. टेबलापलीकडे एक साहेब असायचा. तो निवेदन हातात घ्यायचा, वाचल्यासारखं करायचा आणि काहीच बोलायचा नाही. वडिलांच्या हाताखालून डोकं काढून मी त्या चेहऱ्याकडे बघायचे आणि मोठेपणी याला काय काय ऐकवायचं ते ठरवायचे. आज तो चेहरा माझ्या मानेवर होता. शिष्टमंडळ समोर, नियम छापून तयार आणि मी मख्ख. बाटलीला टेकलेल्या मोबाइलचा लाल ठिपका लुकलुकत होता. अजून थोडा वेळ. या दमल्या की चाचणी संपली, आणि दिवाळीची जागा माझी.

तेवढ्यात भाडेकरीण म्हणाली, "राहू दे ना आँटी, तुम्हीच जिंकलात. मी आपलं नुसतं वाचून दाखवलं." आणि आपल्यापुढचे दाणे उचलून ती वाटीत परत टाकायला लागली.

"वाल परत टाकू नका!" मी ओरडले.

एकदा तोंड उघडल्यावर मग मला कोण थांबवणार? मी उभी राहिले. भाडेकरीणबाई जिंकल्यात, म्हणाले. नियम छापलेला आहे, तो कोणी वाचला नाही हा त्यांचा दोष नाही. खेळ संपल्यावर तिघींनी मिळून तो बदलायचा आणि चौथीनं एकटी आहे म्हणून आपला हक्क सोडायचा, याला बहुमत म्हणत नाहीत, दादागिरी म्हणतात. हे मी खपवून घेणार नाही, अन्यथा… अन्यथाच्या पुढे काय ते सुचेना. 

भाडेकरीण लाजेनं लाल झाली होती. "अहो पण, मला खरंच चाललं असतं," ती पुटपुटली. "वालच तर आहेत."

आत्यानं मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोल्लीस ग बाय तू," ती हळूच म्हणाली.

मी खाली बसले.

आत्या भाडेकरणीकडे वळली. "आनि तू ग? मी घरमालकीन म्हून सोडत व्हतीस ना? खेलताना कोन मालकीन नाय. जिंकलीस त सांगाचं जिंकले म्हून. फुडच्या येली असा सोडलास त अख्ख्या खेलात च्या तूच टाकशील." आणि आपल्या ढिगातले ओंजळभर वाल तिच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "हे घे." नियमाप्रमाणे त्यानं भाडेकरीण हरत होती. कोणाच्याच ते लक्षात आलं नाही आणि मीही या वेळी तोंड उघडलं नाही.

"परत लाव तो फोन," जाऊ म्हणाली. "परत खेलू. या येलेला बोलू नको म्हंजे झाला."

"तसं नाही चालत," मी म्हणाले. "नियम माहीत नसलेल्यांनी खेळायचं असतं. तुम्हाला आता माहीत झाले."

"आमाला कुठं म्हायती हायत?" आत्यानं विचारलं.

 शपथेवर सांगते, ते खरं होतं. पूर्ण एक डाव खेळूनही माझ्या पुस्तिकेतला एक नियम त्यांना धड ठाऊक नव्हता. मी मोबाइलकडे हात नेला. मग मागे घेतला. पुण्याच्या माणसानं ज्या अर्थानं अट घातली होती त्या अर्थानं ते खरं नव्हतं, आणि अर्थ वाकवणाऱ्यांवर मी आजवर बरंच लिहिलेलं आहे. संध्याकाळी पनवेलला परतल्यावर मी ती चित्रफीत होती तशी, माझ्या भाषणासकट पाठवून दिली.

काही दिवसांनी आवाजी निरोप आला. आधी भाऊ बोलला. "तुम्ही शेवटपर्यंत गप्प बसाल असं आम्हाला वाटायला लागलं होतं. चाचणी बाद. दिवाळीला दुसरा खेळ जातोय. अट आम्हीच घातली होती, ती आम्हालाच मोडता येत नाही." मग मधेच बहिणीचा आवाज, लांबून आल्यासारखा. "त्यांना विचार ना, ते पारावर बसायचं पुस्तिकेत कुठेच नाहीये, ते कुठून आलं? आणि ती बांधाची रेघ?"

मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही अट मोडली नसती. तत्त्वाच्या माणसांशी गाठ पडली की हीच पंचाईत होते, चिडायला कोणी शिल्लक राहत नाही. वडिलांनी निरोप ऐकला आणि विचारलं, "कोणत्या मुद्द्यावर बोललीस?" मी सांगितलं. "मग बरोबर बोललीस," ते म्हणाले आणि लग्नपत्रिकेचं प्रूफ पुढे ओढलं. जरा वेळानं, प्रूफातून मान वर न करता, "पण काय गं, थोडं हळू बोलली असतीस तर आवाज त्या मोबाइलमध्ये आला असता का?"

आत्याला मी फोनवर कळवलं.

"नाय झाला?"

"नाही."

"तू बोल्लीस म्हून?"

"हो."

 पलीकडे टीव्ही बंद झाला. मग तिचा आवाज बदलला. मी तो आवाज ओळखते, आमच्या घराण्यात तो सगळ्यांना आहे. "कोन हायत ते पुन्याचे? मोटी कंपनी हाय?"

"कंपनी कसली, दोघंच आहेत. भाऊ आणि बहीण."

"हापीस कुठं हाय?"

"घरातच. पुढच्या खोलीत."

"भाऊ-बहीन." ती म्हणाली. "दोगांवर काय मोर्चा न्याचा? दोगं त आमच्या जिन्यात मावतील. जेवाला बोलव त्यांना. च्या कोन टाकतं ते बगू दे त्यांना हितं येऊन. आनि मासं खातात का, तेवडा इचारून ठेव."

मी विचारलं. उत्तर आलं, खातात.